अक्षता लावलेली किल्ली

आवतन मिळाल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये आणि आवतन द्यायचं तर ते स्वतः जाऊन, हातात अक्षता ठेवूनच द्यावं, या एका गोष्टीवर पृथ्वी फिरते असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या बहिणीचा नवरा निघाला, हे माझं भाग्य. आमचे भाऊजी चामोर्शीला फोटो स्टुडिओ चालवतात. ताईला तासभर बाजारात पाठवायचं झालं तरी दारापर्यंत सोडायला येतात, आणि ती परत आली की पाण्याचा गडवा घेऊन उभे. मार्कंड्याच्या जत्रेत वाट चुकलेली म्हातारी विचारपूस करायला दुकानात आली तर तिला आधी बसवतील, चहा पाजतील आणि मग रस्ता सांगतील. तोवर तिची बस गेलेली असते, मग पुढची येईपर्यंत जेवण. ताईनं या बाबतीत कपाळावर हात मारणंसुद्धा आता सोडून दिलं आहे.

अशा माणसानं व्हीपीएन उभारलं, त्याची ही हकिकत. भाऊजी कॉलेजात असताना चंद्रपूरच्या एका नेट कॅफेत राजुऱ्याचा दिलीप आणि आरमोरीचा सुधाकर यांच्यासोबत बंदुकांचा एक गेम खेळायचे. एकमेकांना भिंतीआडून गोळ्या घालायच्या आणि बाहेर येऊन एकाच प्लेटमधला आलुबोंडा खायचा, अशी ती मैत्री. पुढे दिलीप कोळशाच्या खाणीत लागला, सुधाकरनं धानाची गिरणी टाकली. मग दिलीपनं घर बांधलं आणि वास्तुपूजनाची पत्रिका सुधाकरला मोबाइलवर पाठवली. ‘मले फोटो धाडते? मी काय परका हो?’ म्हणून सुधाकर गेला नाही. ‘एवढं घर बांधलं अन् हा आला नाई’ म्हणून दिलीप रुसला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भाऊजींनी दोघांना जेवायला बोलावून पाहिलं, तर ‘तो येऊन राह्यला काय?’ असं दोघांनीही आधी विचारून घेतलं आणि दोघंही आले नाहीत. ताईनं केलेली वांग्याची भाजी मी दोन दिवस खाल्ली.

मग भाऊजींना तो जुना गेम आठवला. तो एकाच घरातल्या, एकाच वायरीला जोडलेल्या कॉम्प्युटरांवरच चालतो. भाऊजींनी महिनाभर इंटरनेटवर वाचून, नेटवाल्याशी डोकं लावून, स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन बसवलं. मला समजावताना म्हणाले, ‘इंटरनेट म्हंजे सडक, कोणी बी येते-जाते. हे म्हंजे आपली पांदण. आपल्या मानसाच्या घरून निघते अन् सीधी माह्या घरात येते. किल्ली नसन त घुसता येत नाई.’ ही किल्ली म्हणजे एक एवढीशी फाइल. कुणीही ती मोबाइलवरून पाठवली असती. भाऊजींनी ती पेनड्राइव्हमध्ये घातली, पेनड्राइव्हला कुंकवाचं बोट लावलं आणि एसटीनं आधी राजुऱ्याला, मग आरमोरीला जाऊन दोघांच्या हातावर अक्षतांसह ठेवली. चौथा भिडू म्हणून मला गडचिरोलीत येऊन दिली, तेव्हा आमचे शेजारी मला विचारत होते, लग्न कोणाचं?

दर रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. दिलीप आणि सुधाकर आले, एका शब्दानं बोलले नाहीत, पण एकमेकांना अशा काही गोळ्या घालत की त्या घरभरणीचा सगळा राग निघत असावा. मला दोघेही जाता-येता मारत. भाऊजी मात्र कोणावरच गोळी चालवत नसत. बंदूक घेऊन नुसते फिरायचे आणि ‘या, या, इकडून या’ म्हणायचे. मी एकदा चिडलो तर म्हणाले, ‘घरी आलेल्या मानसाले गोळी घालू काय बे?’

पावसाळ्यात मार्कंड्याच्या नदीघाटावर पाय घसरून भाऊजींचा घोटा मुरगळला. त्याच सुमारास सुधाकरची किल्ली चालेनाशी झाली. तो येईना, तसा दिलीपच्या वाट्याला मी एकटाच उरलो. मला मारून मारून तो कंटाळला आणि एका सकाळी गोंडपिपरीमार्गे बसनं थेट चामोर्शीला आला. मी तिथेच होतो.

‘त्याले नवी किल्ली काऊन देत नाई?’

‘पाय पाह्य माहा. आरमोरीले कसा जाऊ?’

‘मंग मोबाइलवर टाकून दे ना फाइल!’

भाऊजी शांतपणे म्हणाले, ‘आवतन मोबाइलवर धाडाचं अस्ते काय, दिलीप?’

दिलीपनं लेपाखालच्या त्या घोट्याकडे एकदा पाहिलं. मग चहा न घेताच म्हणाला, ‘आन, दे इकडं.’ भाऊजींनी नवी किल्ली घातलेला पेनड्राइव्ह दिला, ताईनं कागदाच्या पुडीत अक्षता बांधून दिल्या.

तो गेल्यावर मी विचारलं, ‘भाऊजी, सुधाकरभाऊंची किल्ली खराब कशी झाली?’

‘खराब नाई झाली. मीच इकडून बंद केली.’

‘का?’

‘हे दोघं माह्या घरात येत होते रे. एकमेकाच्या घरी कुठी जात होते?’

संध्याकाळी सुधाकरनं फोन करून सगळं सांगितलं. दिलीप दारात उभा राहिला, पुडी पुढे केली आणि म्हणाला, ‘त्यानं धाडलं.’ मग म्हणाला, ‘वास्तूचं आवतन बी याच्यातच धर.’ भाऊजींनी फोन ताईकडे दिला आणि चष्मा पुसत बसले.

यानंतरच्या रविवारी मी चामोर्शीला गेलो, तर भाऊजी दुपारपासून कॉम्प्युटर लावून बसलेले. पडद्यावर दोन्ही नावांपुढचा हिरवा दिवा लागेना. शेवटी फोन आला. दिलीप बायकापोरांना घेऊन आरमोरीला आला होता, मागे हसण्याचा गलका चालला होता. ‘तू बी ये ना बे पुढच्या रविवारी!’ दोघेही ओरडत होते. भाऊजी ‘येतो, येतो’ म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे पाहत बसले. ताई म्हणाली, ‘जाऊन या ना.’ ते हसले. ‘आवतन कुठी आलं?’

त्यांना थट्टा करायची होती, पण ती जमली नाही. मला ते पाहवेना. मी स्वयंपाकघरात गेलो, ताईकडून चिमूटभर तांदूळ आणि कुंकू घेतलं, मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत आलो आणि भाऊजींच्या हातावर अक्षता ठेवल्या. म्हटलं, ‘सुधाकरभाऊ आणि दिलीपभाऊंनी पाठवलं आहे. रविवारी आरमोरीला, सहकुटुंब यायचं.’

त्यांनी मूठ मिटली. मग मला आयुष्यात पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणत म्हणाले, ‘बसा. चहा घेऊन जा.’ चहा मीच केला, त्यांनी मूठ काही सोडली नाही.