धरणावरची देवी कोणी नेली?

गिरगावातल्या एका सहलवाल्याने धरणात बुडालेल्या गावाला फसवले. गावाची देवी सांभाळतो म्हणून नेली आणि परत दिली नाही. एवढे आधीच सरळ सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रकार असा गुंतत गेला की त्यातला गुन्हा नेमका कुठे सुरू झाला हे मला अजून सांगता येत नाही. नोकरीतली बाकीची प्रकरणे पुसट झाली. हे तेवढे तसेच राहिले आहे.

गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. मी भोईवाड्याच्या चौकीवर जमादार होतो. मुंबईला नळाचे पाणी मिळावे म्हणून घाटाच्या पायथ्याशी एका नदीवर नवे धरण झाले होते. काठावरचे निम्मे गाव पाण्याखाली गेले आणि तिथली माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत आली. उरलेल्या निम्म्या गावाचा बाजार झाला. मुंबईची मंडळी आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने धरण पाहायला जाऊ लागली. त्यांच्यासाठी चहाची दुकाने निघाली, धर्मशाळा झाली, पाण्यावर होड्या फिरू लागल्या. हे सगळे जमवणारा इसम गिरगावचा. पूर्वी तो लग्नाचे मांडव घालायचा.

गावाची देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. पाणी चढू लागले तेव्हा हा इसम गावकऱ्यांना म्हणाला, "देवी माझ्या हवाली करा, वर काठावर देऊळ बांधून देतो." त्यांनी दिली. त्याने देऊळ बांधलेही. पुढे परळलाही एक देऊळ उभे केले आणि धरणातली देवी लेकरांच्या मागोमाग मुंबईला आली, असे पसरवले.

एके सकाळी एक गिरणी कामगार चौकीत आला.

"जमादारसाहेब, आमची म्हातारी मरतेय. तिनं अन्न सोडलंय."

म्हातारी म्हणजे त्याची आई, बुडालेल्या गावच्या गुरवाची विधवा. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय ती घास घेत नसे. परळच्या देवळात ती रोज नैवेद्य नेई. मग गावाकडून आलेल्या कोणीतरी सांगितले की देवी अजून धरणावरच आहे, त्याने स्वतः नारळ फोडला. तेव्हापासून म्हातारी नुसत्या पाण्यावर होती. आपण कोणाला जेवू घालत होतो, हेच तिला कळेना.

फिर्याद लिहिणाऱ्या शिपायाने विचारले, "फिर्यादीचं गाव कुठं?"

"पाण्याखाली."

"मग इकडं कशाला आलास? बुडालेलं शोधायचं काम कोळ्यांचं."

मी जातीचा कोळी. माझी आई दादरहून पाटी घेऊन गिरगावापर्यंत मासळी विकायची. मी नुसते त्याच्याकडे पाहिले. त्याने खाली मान घालून फिर्याद पूर्ण लिहिली.

सहलवाल्याला चौकीत आणवला. आला तो पान चघळत.

"देवी एक की दोन?" मी विचारले.

"देवी एकच, जमादारसाहेब. मुक्काम दोन. तुमचं सरकार नाही का, एकच असून उन्हाळ्यात महाबळेश्वरी जातं?"

मी टेबलावर असा हात मारला की दौत कलंडली. "खरा दगड कोणता ते बोल!"

"गावकऱ्यांनी ओळखावा. ओळखला तर आजच्या आज उचलून न्यावा. माझी ना नाही."

तो निर्धास्त होता, आणि का ते मला गावकऱ्यांच्या जबान्यांतून कळले. शेंदराखालचा दगड कोणी पाहिलाच नव्हता. वर्षानुवर्षांचा शेंदूर जड झाला की त्याचे कवच आपोआप सुटून पडते. गावात म्हणत, देवीने कवच टाकले. तसे झाले की गुरव एकटा आत जाई, दार लावून घेई आणि नवा शेंदूर चढवी. तो गुरव वारला होता. कोणी परळची देवी खरी म्हणे, कोणी धरणावरची. एकाने तर सकाळी एक आणि दुपारी दुसरी खरी असल्याची जबानी दिली. मी फाडून टाकली.

म्हातारीची जबानी घ्यायला तिच्या खोलीवर गेलो. खोली दाटीची, पण आढ्याला टांगलेल्या एका गाठोड्याखाली कोणी बसत नव्हते. पोरेसुद्धा वळसा घालून जात.

"त्यात काय आहे, आजी?"

"काय न्हाय. चिंध्या हायेत."

"चिंध्यांना कोणी वळसा घालून जात नाही. मला दाखव."

"न्हाय दाखवायची."

मला घासाघीस करायची सवय आहे. मी म्हटले, "बरं. तू गाठोडं सोड, मी तुझी देवी शोधतो. तू बांधून ठेवलंस, तर मीही फिर्याद बांधून ठेवतो."

"लय वंगाळ हायेस रे तू," ती म्हणाली. मग मुलाला खूण केली.

गाठोड्यात शेंदराचे कवच होते, दोन तुकड्यांत. देवीने टाकलेले कवच वाहत्या पाण्यात सोडायचे, असा रिवाज. पण ते शेवटचे कवच पडले त्या वर्षी धरण बांधून झाले होते. वर पाणी साचलेले, खाली पात्र कोरडे. "वाहतं पानीच ठेवलं न्हाई कुठं," ती म्हणाली. "म्हनून घरात ऱ्हायलं. त्येचंच पाप भोवलं." ती लाजेने घराबाहेर कोणाजवळ बोलली नव्हती.

मी तुकडे उलटे करून पाहिले. आतून दगडाचा ठसा जसाच्या तसा उमटला होता, कपाळावरच्या खाचेसकट. ज्या दगडावर हे बसेल तोच खरा.

परळच्या देवळात पंच बोलावले, कोमट तेलाने शेंदूर उतरवला आणि कवच लावले. बसले नाही. मग पंच घेऊन धरणावर गेलो. होडीतून उतरलेली मंडळी भोवती गोळा झाली. एक चहावाला कुरकुरला, "अहो, देवीला उघडी करता, आता आमच्याकडं कोण येणार?" शेंदूर उतरवला. तिथेही कवच बसले नाही.

माझे डोकेच चालेना. दोन देव्या होत्या, आणि दोन्ही खोट्या निघाल्या.

पाण्यावरच्या साऱ्या होड्यांना एकच रंग होता. चहावाल्याला विचारले, "दुसऱ्या कोणाच्या होड्या नाहीत?"

"धरणावरच्या गोऱ्या साहेबानं दुसऱ्या कोणाला परवानगीच दिली नाही."

तिथे माझ्या लक्षात आले. बाजारात वाढलेल्या माणसाला एवढे कळते की फुकट कोणी काही देत नाही. परत येऊन सहलवाल्याला एकच विचारले, "परवानगीच्या बदल्यात साहेबाला काय दिलंस?"

त्याने पान थुंकले.

"साहेबाला जुन्या दगडांचा नाद," तो म्हणाला. "मी दुसरं सगळं देऊन पाहिलं, जमादारसाहेब. त्यानं हेच मागितलं."

धरणाच्या कामावरच्या त्या गोऱ्या साहेबाचा बंगला गिरगावच्या चौपाटीमागच्या टेकडीवर होता. माळ्याने मागचे फाटक उघडले. बागेत कारंज्याजवळ दगड उभा होता, घासूनपुसून स्वच्छ केलेला. त्यामुळे आम्हाला शेंदूर उतरवावा लागला नाही. म्हातारीला डोलीतून आणली होती. तिने एक तुकडा कपाळाला लावला, मग दुसरा. दोन्ही चपखल बसले. तिने पदराआडची भाकरी दगडापुढे ठेवली, डोळे मिटले आणि मग तिथेच बसून ती खाल्ली.

माझे काम इथे संपायला हवे होते. पंचनामा वर पाठवला. सुपरिंटेंडंट साहेबांनी मला बोलावले. "चोरी कुठे आहे? गावाने स्वखुशीने दिला, त्याने भेट म्हणून दिला, साहेबाने भेट म्हणून घेतला. दगड आहे, जमादार." फिर्यादीवर 'तथ्य नाही' असा शेरा पडला. माझी बदली शिवडीला, गोदामांच्या पहाऱ्यावर झाली. बढतीसाठी माझे नाव होते. ती दुसऱ्याला मिळाली.

म्हातारी रोज परळहून चालत त्या फाटकाशी नैवेद्य घेऊन जाई. माळी भला होता. पुढे साहेब विलायतेला परतला आणि सामानाबरोबर दगडही गेला. ती शिवडीला मला शोधत आली आणि गाठोडे माझ्यापुढे ठेवले.

"दादा, तू कोळी. समिंदराचं पानी तरी वाहतं ना? सोड ह्ये."

त्यानंतर तिने अन्नाला हात लावला नाही. त्या पावसाळ्यात गेली. मरेपर्यंत ती पीत होती ते चाळीच्या नळाचे पाणी त्याच धरणातून येत होते.

कोण कशाच्या जोरावर मोठा झाला याचा अंदाज करायचा, तर त्याने काय घेतले यापेक्षा काय देऊन टाकले आणि ते कोणाचे होते हे आधी पाहावे, एवढे मी या प्रकरणात शिकलो. आणि कवच मी समुद्रात सोडले नाही. तो एकच पुरावा उरला आहे. सहलवाला आज गिरगावात प्रतिष्ठित गृहस्थ आहे आणि परळच्या त्याच्या देवळात रांग लागते. त्याने एक दिवस त्या रांगेसमोर उभे राहावे. मी कवच घेऊन येतो. आत उभा असलेला दगड कोणाचा आणि ती म्हातारी कशाने मेली, याचे उत्तर त्याने तिथे द्यावे. ज्यांनी 'तथ्य नाही' असा शेरा मारला, त्यांनीही यावे आणि उत्तर द्यावे.