एका भगिनीसाठी

माझा आवाज मोठा आहे. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं की होतोच, त्याला इलाज नाही. प्रार्थनाही मी मोठ्यानेच करते. मनातल्या मनात प्रार्थना करायची पद्धत आमच्यात नव्हतीच, पाचोऱ्याला माहेरी नव्हती आणि इथे जळगावात सासरीही नव्हती. संध्याकाळी दिवे लागले की चटई टाकायची, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला उतारा वाचायचा, आणि मग धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकाने सगळ्यांना ऐकू जाईल अशी आपापली प्रार्थना करायची. एकाची झाली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. त्यातून सुटका नाही.

बाहेरच्यांना वाटतं, किती छान! छान होतंच हो. पण माझी सासू दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलायची नाही आणि संध्याकाळी डोळे मिटून म्हणायची, "हे प्रभू, ज्यांच्या हातून वरणात मीठ जास्त पडतं त्यांची घाईची सवय तू काढून टाक." आता ह्याला उत्तर काय देणार? ती देवाशी बोलत होती, माझ्याशी थोडीच! मी मुकाट्याने आमेन म्हणायची. माझी पाळी तिच्या आधी, त्यामुळे उत्तर द्यायला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं. मग मी म्हणायची, "हे बापा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना आराम दे, आणि जिभेलाही." सासूचं आमेन दातांतून यायचं. आमचे हे मधे बसून हसू दाबायचे.

माझी मुलगी ह्याच चटईवर वाढली. एकुलती एक. चार वर्षांची असताना ती अशी प्रार्थना करायची की आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, ही पोर आपल्यापेक्षा पुढे जाईल. शब्द मीच शिकवले होते तिला. उपकार कसे मानायचे, कृपा कशी मागायची, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सांगायला, उभं राहिलं की सुरुवात कशी करायची, सगळं. मला फार अभिमान होता त्याचा, आता कशाला लपवू.

तिला धुळ्याला दिली. घर चांगलं, तिथल्या चर्चच्या मंडळीत मान असलेलं. जावई शांत स्वभावाचे, इतके शांत की कधी कधी राग यावा. ती तिथल्या एका शाळेत शिकवायला लागली. मग तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर पोरगी बोलायची, जेवायची, उपासनेला जायची, पण तिच्यात कुणी राहत नव्हतं. फोनवर काहीही विचारलं तरी नुसतं "हं" म्हणायची.

पुढच्या वर्षी नाताळाला ती चार दिवस आली. आम्ही दोघी करंज्या करत बसलो होतो, ती लाटून भरत होती आणि मी तळत होते. शेजारच्या बाईच्या अनारशांवरून मी काहीतरी बोलले आणि ती हसली. खळखळून. वर्ष-दीड वर्षाने मी ते हसू ऐकलं. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मी म्हणाले, "प्रभूने ऐकलं बाई माझं."

ती म्हणाली, "ऐकलं असेल. पण आई, मी गोळ्या घेतेय."

चार महिने झाले होते. धुळ्यातल्या मनाच्या डॉक्टरकडे ती शाळा सुटल्यावर जायची. गोळ्या दप्तरात, खडूच्या डब्यात ठेवायची. नवऱ्याला माहीत होतं, सासूला नव्हतं. झोप लागायला लागली होती, पोरांवर ओरडायची ती बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, अजून निदान वर्षभर घ्या, मधेच सोडू नका. हे सगळं तिने खाली मान घालून, करंजीचे काठ दाबत सांगितलं. मग म्हणाली, "आई, देवाला सांग. पण मनात सांग."

"मनात म्हणजे?"

"म्हणजे तोंड न उघडता."

मला लागलं ते. म्हटलं, "म्हणजे मी काय गावात दवंडी पिटते का?" ती ताटातल्या करंज्या मोजल्यासारख्या बघत राहिली.

मी खरंच प्रयत्न केला. स्वयंपाकघरात उभी राहून तोंड मिटून सांगायला लागले की मधेच सिलिंडर संपत आल्याची आठवण यायची. ती प्रार्थना झाली की नाही तेच कळायचं नाही. आणि भीती वाटायची. गोळ्या लागू पडायच्या थांबल्या तर? एकट्या माझ्या मनातल्या पुटपुटण्याने काय होणार होतं? आमच्यात तर पहिल्यापासून हेच की दहाजणींनी मिळून मागितलं की त्याला जोर येतो.

दर बुधवारी दुपारी तीनला पाळकीणबाईंच्या पुढच्या खोलीत आमची भगिनी सभा भरते. आठ-दहाजणी असतो. आधी विनंत्या सांगायच्या, पाळकीणबाई वहीत लिहून घेतात, मग त्यांवर प्रार्थना. तीन बुधवार मी तोंड शिवून बसले. चौथ्या बुधवारी एकीने तिच्या सुनेचं काही सांगितलं आणि सगळ्या रडल्या. पाळकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "बाई, तुमची काही विनंती?" मेली माझी जीभ! पोटात काही राहतच नाही माझ्या.

मी म्हणाले, "एक भगिनी आहे. नाव सांगत नाही. धुळ्याला असते. तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. शाळेत शिकवते. तिला मनाचा त्रास आहे, डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, सासूला माहीत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा."

एवढं सगळं सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही, आणि मला वाटलं, मी गुपित पाळलं. आमच्यात सगळ्या असंच करतात. 'एक भगिनी', 'एक कुटुंब'. ती भगिनी कोण, हे कुणी विचारत नाही, कारण विचारायची गरजच पडत नाही. त्या दिवशी फार सुंदर प्रार्थना झाली. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. निघताना मी चपला शोधत होते, तेव्हा पारोळ्याकडची एक म्हातारी अक्का माझा हात धरून म्हणाली, "तुनी पोर बरी व्हई जाई, माय. देव बठ्ठं बरं करी." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाळकीणबाई वहीतल्या विनंत्या मोबाईलवरच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकतात. त्यात जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे, सगळीकडच्या मंडळ्यांमधल्या बायका. त्यांनी माझे शब्द जसेच्या तसे टाकले, खाली जोडलेले हात. संध्याकाळपर्यंत ते माझ्या विहीणबाईंच्या मोबाईलवर गेलं. त्यांनीच मला पुढे सांगितलं, की सवयीने त्यांनी आधी खाली 'आमेन' लिहिलं आणि मग वरचं वाचलं.

शनिवारी त्यांचा फोन आला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. पण त्या रडत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही परके का? माझ्या लेकीसारखी ती." आणि ते खरं होतं. ती बाई वाईट नाही. तिने माझ्या मुलीच्या केसांना तेल लावलंय, बाळ गेल्यावर पंधरा दिवस तिला घास भरवलाय. पुढे जे केलं तेही मायेनेच केलं, म्हणूनच माझे हात बांधले गेले.

त्यांनी घरी प्रार्थना ठेवली. सहा-सात बायका आल्या, मधे खुर्चीवर माझ्या मुलीला बसवलं, डोक्यावर हात ठेवले, कपाळाला तेल लावलं. दोन तास चालली. मग कुणीतरी म्हणालं, विश्वास आहे ना तुझा? ती म्हणाली, आहे. दुसरं काय म्हणणार होती? नाही म्हणायला तिला मी कधी शिकवलंच नव्हतं. मग विश्वास आहे तर त्या गोळ्या कशाला? तिने उठून दप्तरातला खडूचा डबा आणला आणि सासूच्या हातात दिला. जावई दारात उभे होते. दारातच उभे राहिले.

हे मला जावयांनीच फोनवर सांगितलं. मुलीने नाही.

दोन आठवड्यांनी विहीणबाईंचा निरोप आला, रविवारी उपासनेत ती साक्ष देणार आहे, तुम्ही दोघं या. ह्यांची तब्येत बरी नव्हती, मी एकटीच सकाळच्या एसटीने गेले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, सगळ्या वाटेने मी मनाशी घोकत होते की तिला बाजूला घेऊन माफी मागायची. पोचले तेव्हा गीत चालू होतं. मग ती उभी राहिली. जांभळी साडी, डोक्यावर पदर. "सर्व मंडळीला प्रभूच्या नावात सलाम," म्हणून तिने सुरुवात केली, मी शिकवली होती तशीच. मी अंधारात होते, प्रभूने मला हात दिला, माझ्या सासूबाईंच्या आणि भगिनींच्या प्रार्थनेने मी बरी झाले. एकही शब्द अडला नाही. एकदाही ती खरं बोलली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "तुमची लेक का? धन्य तुम्ही!"

उपासना संपल्यावर चर्चच्या मागे नळापाशी मी तिला गाठलं. म्हटलं, "पोरी, चुकले मी. गोळ्या परत सुरू कर. मी डॉक्टरकडे येते तुझ्याबरोबर, आत्ता जाऊ."

तिने नळ बंद केला. "आता कसं, आई? सगळ्यांनी देवाचे उपकार मानून झाले. आता मी आजारी कशी पडू?"

तेवढ्यात विहीणबाई आल्या, चला चला, पानं घेतलीत. जेवायला वांग्याचं भरीत होतं, पुऱ्या होत्या. मी जेवले.

नंतर मी हातपाय मारले नाहीत असं नाही. त्या डॉक्टरांचा पत्ता शोधून गेले. ते चांगलं बोलले, पण म्हणाले, त्यांना स्वतः यावं लागेल, तुमच्या हाती मी गोळ्या देऊ शकत नाही. विहीणबाईंना समोर बसवून सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, ती बरी झालीय. तुमचाच विश्वास डळमळतोय." शेवटी पाळकीणबाईंपाशी गेले, म्हटलं, काहीतरी करा, मंडळीत कुणीतरी सांगा की औषधही देवाचंच असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं, 'एका वडीलधाऱ्या भगिनीच्या डळमळत्या विश्वासासाठी प्रार्थना करा.' खाली चाळीसेक आमेन. कपाळ माझं!

शाळा तिने जूनमध्ये सोडली. घरीच असते. फोन केला की म्हणते, "प्रभूची कृपा आहे आई, सगळं ठीक आहे." मी विचारते, झोप लागते का? "प्रभूची कृपा." जेवलीस का? "हो." मी फोन ठेवते आणि मला ओरडावंसं वाटतं, अगं, मला शिव्या दे, भांड, पण हे नको बोलूस!

ह्या नाताळाला ती दोन दिवस आली. बारीक झालीय. करंज्या मी एकटीनेच केल्या होत्या. संध्याकाळी चटई टाकली. आता आम्ही तिघंच, धाकटी ती, म्हणून पहिली पाळी तिची. मी डोळे मिटले आणि कान टवकारले. म्हटलं, माझ्याशी बोलत नाही तर नाही, देवापाशी तरी काही बोलेल. मला टोमणा मारेल, सासू मारायची तसा. मी सुखाने आमेन म्हणेन. तिने प्रभूची प्रार्थना म्हटली, लहान मुलं चर्चच्या रविवारच्या शाळेत पाठ म्हणतात ती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. झाली. स्वतःचं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मी बसस्टँडवर गेले. धुळ्याची गाडी लागली होती. खिडकीत बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं. कितीतरी महिन्यांनी ती मला काही मागत होती, मी टाचा उंचावून उभी राहिले.

"आई, एक करशील? माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस."

मी म्हटलं, "बरं."

गाडी गेली. मी रिक्षा न करता चालत घरी आले.

देव नाही असं मला अजूनही वाटत नाही. रोज चटई टाकते, गीत म्हणते. मोठ्याने प्रार्थना करते. रावेरकडे गारांनी ज्यांची केळी आडवी झाली त्यांच्यासाठी करते, पारोळ्याच्या अक्काच्या डोळ्यांसाठी करते, विहीणबाईंच्या रक्तदाबासाठीसुद्धा करते. तिने आयुष्यात माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक मला जमली नाही. दुसरी जमवतेय.

ह्यांना मी बसस्टँडवरचं हे काहीच सांगितलेलं नाही. परवा माझी प्रार्थना संपत आली तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून ते हळूच म्हणाले, "अगं, पोरीला विसरलीस."

"नाही विसरले," मी म्हटलं, आणि आमेन म्हणून चटई गुंडाळायला घेतली.