ढोल्या कुठे वाजतो

“ढोल्या वाजतोय हे खरं, पण तो डोंगरात वाजतोय की माझ्या डोक्यात, एवढं मला कुणीतरी सांगा,” असं येर्नेय एकदा म्हणाला होता. तेही कुणा माणसाला नाही, गाईला. गोठ्यात उभा राहून त्याने आपल्या काठीचं एक टोक तिच्या शिंगावर टेकवलं होतं आणि दुसरं हिरड्यांत धरलं होतं. गाय रवंथ करत राहिली. वळून पाहिलं तर दारात त्याची भावजय नेझा दुधाची बादली घेऊन उभी.

“मग? काय म्हणाली गाय?” तिने विचारलं.

“काही नाही,” येर्नेय म्हणाला आणि काठी पाठीमागे लपवली. एवढी लांब काठी पाठीमागे लपत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

ही काठी त्याच्या आईची. आमच्या तळ्याकाठच्या गावात ऐकणारा माणूस एकच असतो, आणि येर्नेयच्या आधी ते काम त्याची आई करायची. तळं उन्हाळ्यात जातं. कुठे जातं ते विचारू नये. तळाशी जी तोंडं आहेत ती गुळगुळ करत पाणी गिळतात आणि एके सकाळी काठावरच्या नावा चिखलात कलंडलेल्या दिसतात. मग राखाडी चिखलाला भेगा पडतात, शिंपले उघडे पडून उन्हात पांढरे होतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्या भेगांतून गवत उठून कमरेला लागतं. ज्याने वसंतात जिथे जाळं टाकलं, तो उन्हाळ्यात तिथेच विळा चालवतो. प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला. पाण्याखाली असला तरी तो त्याच घराचा.

लहानपणी येर्नेय त्या गवतात उभा राहायचा आणि वर बघायचा. गेल्या महिन्यात बाप इथूनच, वरून, नाव वल्हवत गेला होता. आत्ताही कुणी जात असेल आणि वल्ह्याचं टोक आपल्या टाळूला लागेल, असं त्याला वाटायचं. तो मान आखडून चालायचा. आई म्हणायची, “सरळ चाल. वर काही नाही.” पण तेच आईने हिवाळ्यात म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मग खरं कधीचं धरायचं, हे त्याला त्या वयातही उमगलं नाही आणि पुढेही नाही.

गेलेलं तळं परत येतं तेही विचारून येत नाही. दूरच्या डोंगरांत पाऊस पडतो, इथे ऊन लख्ख असतं, आणि दोन दिवसांत कापलेलं गवत तरंगायला लागतं. पण त्याच्या आधी ढोल्या वाजतो. डोंगराच्या पायथ्याशी एक गुहा आहे, तिच्या पोटात पाणी चढू लागलं की ढोल वाजल्यासारखा आवाज येतो. गुहेबाहेर ऐकू येईल इतका मोठा झाला तर फार उशीर झालेला असतो. त्याआधीचा, बारीक, तो काठीने ऐकायचा. काठीचं एक टोक कातळावर आणि दुसरं दातांत. ऐकणारा ऐकत असताना बाकीच्यांनी विलोच्या झाडांच्या अलीकडे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. दुसऱ्या कुणी काठी तोंडात धरायची नाही. एकाने वाजतोय म्हणायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं, असे दोन शब्द झाले की त्या वर्षी तळात विळा उतरत नाही. येर्नेयच्या आजीच्या काळात लोकांनी शब्दाशिवाय गवत कापलं होतं. गवत गेलं, गाडी गेली, गाडीचे बैलही गेले, आणि दोष कुणाचा यावरून दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नांना जात नाहीत. तेव्हापासून शब्द चुकला तरी चालतो, पण तो हवा, आणि एकच हवा.

आई गेली आणि काठी येर्नेयकडे आली, आणि काठीबरोबर शब्द द्यायचा हक्कही. धाकट्या टोनेला काही ऐकू यायचं नाही. येर्नेयने एकदा पलीकडच्या गावातल्या मुलीला मागणी घातली, तेव्हा तिचा बाप म्हणाला, “दगड चावणाऱ्याला मी मुलगी देत नाही.” ते गावात बरीच वर्षं हसण्यावारी चाललं. येर्नेयही हसला. मग तोफांची लढाई आली, सोचा नदीकाठी तो तोफांच्या शेजारी राहिला आणि परत आला. दुसरी लढाई आली, ती त्याने घरूनच पाहिली. टोने वारला, नेझा आणि तिची गुरं राहिली, आणि येर्नेय तिच्या हातची कुट्टूच्या पिठाची उकड खाऊन, तिचं कुंपण नीट करून जगत राहिला. उन्हाळ्यातून एकदा तो शब्द द्यायचा. तेवढा एक दिवस लोक त्याच्याकडे बघायचे.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, “वाजतोय.” कुणी विळा उतरवला नाही. तळं आलंच नाही. दिवसामागून दिवस ऊन पडलं, गवत उभ्या उभ्या जरठ झालं, पिवळं झालं, आडवं पडलं. पाणी आलं ते पानगळीत, नेहमीच्या वेळी. हिवाळ्यात चारा पुरला नाही. नेझाने दोन गाई विकल्या आणि एक ठेवली.

ती काही बोलली नाही, हेच येर्नेयला जड गेलं. इतर जण बोलले. गाशपेर, ज्याचा पट्टा नेझाच्या पट्ट्याला लागून आहे, तो येर्नेय दिसला की खिशातून पाइप काढून झाडाला लावायचा, दुसरं टोक दातांत धरायचा आणि म्हणायचा, “काका, उद्या मला सर्दी होणार, झाड सांगतंय.”

यंदा तळं लवकर गेलं. गवत चांगलं आलं. येर्नेय गुहेशी गेला, लोक विलोंच्या अलीकडे थांबले, आणि त्याने काठी लावली. वाजत होता. बारीक, सारखा. पुढचे दात गेल्यापासून काठी हिरड्यांत धरावी लागते, तेव्हा आधी वाटलं पकडीचाच काही दोष. तो परत आला आणि म्हणाला, “रविवारी सांगतो.” असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

घरी येऊन त्याने काठी टेबलाच्या पायाला लावली. वाजत होता. चर्चच्या भिंतीला लावली, कुणी नाही असं बघून. वाजत होता. गाईच्या शिंगाला लावली ती तुम्हाला ठाऊक आहे. मग काठी ठेवून दिली आणि नुसता बसला. तरी वाजत होता. कदाचित तोफांनी तो डोक्यात ठेवला असेल आणि आत्ता जागा झाला असेल. कदाचित गेल्या वर्षीही तोच वाजला असेल. किंवा कदाचित डोंगर खरंच वाजत असेल आणि इतका मोठा, की टेबलापर्यंत आलाय. त्याने हे सगळं धरून पाहिलं, सोडून पाहिलं. कोणतंच हातात राहीना.

“यंदा गवत झालं नाही तर ही गाय पण जाईल,” शनिवारी सकाळी नेझा म्हणाली. ती सलगम सोलत होती. “मग मी त्रिएस्तला बहिणीकडे जाते. तिथे हॉटेलात चादरी धुवायला बाया लागतात.”

“आणि मी?”

“तुम्ही इथे. ढोल वाजवा.”

येर्नेयने सालं बाजूला सारली. “नेझा, तू माझ्याबरोबर चल.”

“त्रिएस्तला?”

“गुहेशी.”

तिचा हात थांबला. “भावोजी, मी विलोंच्या पलीकडे यायची नाही. सासूबाईंनी मला नवी नवरी असताना तिथूनच परत पाठवलं होतं, आणि वर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.”

“सासूबाई आता कुठे आहेत?”

“म्हणून काय झालं? त्या वरून बघत असतील.”

“वर काही नाही,” येर्नेय म्हणाला आणि स्वतःच दचकला. आवाज आईचा होता.

शेवटी ती आली. भर दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना, डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून. तळाच्या मधोमध पाऊलवाट होती आणि दोन्ही बाजूंनी गवत. एका ठिकाणी गवतातच त्यांची जुनी नाव कलंडून पडली होती, तिच्यात कुणाची तरी कोंबडी बसली होती. नेझाने सवयीने तिला हुसकलं. विलोंपाशी ती थांबली, मग डोळे मिटल्यासारखे करून पलीकडे आली.

येर्नेयने काठी पुढे केली. तिने एप्रनने टोक पुसलं. “तुमच्या हिरड्यांत होती ही,” ती म्हणाली आणि परत पुसलं.

“दातांत घट्ट धर. श्वास हळू घे. बोलू नकोस.”

“बोलणार कशी? तोंडात लाकूड आहे.”

तिने कातळावर काठी टेकवली. येर्नेय तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आपण ऐकताना आपला चेहरा असाच दिसत असेल का, हे त्याला कधी कळलं नव्हतं. तिचा चेहरा भीती वाटावी इतका रिकामा होता. त्याच्या डोक्यात ढोल्या वाजत होता, तिच्या काठीच्या तालावर नाही, स्वतःच्या.

तिने काठी काढली. तोंड पुसलं.

“काय?” त्याने विचारलं.

“काहीतरी आहे. कदाचित. आधी काही नव्हतं, मग होतं, मग माझंच पोट वाजत होतं. मी सकाळपासून खाल्लं नाही.” ती कातळाकडे बघत होती. “भावोजी, तुम्हाला इतकी वर्षं नक्की कळायचं?”

आईला नक्की कळत असे, एवढं तो म्हणू शकला असता. पण आईने तरी त्याला तसं कधी सांगितलं होतं? तिने फक्त काठी दिली होती.

“कळायचं,” तो म्हणाला.

नेझाने मान हलवली. त्यावर तिचा विश्वास बसला की नाही, हे त्याला तिच्या पाठीवरून ओळखता आलं नाही. ती पुढे चालू लागली होती.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे लुत्सियाच्या खानावळीत जमले. दरवर्षी शब्द तिथेच दिला जातो. लुत्सियाने आलुबुखारची दारू ओतली, येर्नेयच्या पुढ्यात आधी, कारण तसा रिवाज.

“बोला काका,” गाशपेर म्हणाला. या वेळी तो पाइपशी खेळत नव्हता. “पट्ट्यात गवत छातीला लागतंय. थट्टा पुरे. वाजतोय का?”

वाजत होता. खानावळीच्या भिंतीत, ग्लासात, लुत्सियाच्या खुर्चीत. येर्नेयने ग्लासाभोवती बोटं गुंडाळली. वाजतोय म्हटलं आणि तळं आलं नाही, तर गाय गेली, नेझा गेली. नाही म्हटलं आणि तळं आलं, तर सगळ्यांचं गवत गेलं, आणि त्याचा शब्द यापुढे कुणी घेणार नाही. त्याला वाटलं, कुणीतरी आपलं डोकं उघडून पाहावं आणि मोजून सांगावं.

“नाही वाजत,” नेझा म्हणाली.

ती दाराशी उभी होती, बायका उभ्या राहतात तिथे. सगळी डोकी वळली. लुत्सियाची बाटली हवेत राहिली.

“वहिनी, तुम्हाला कुणी विचारलं?” गाशपेर म्हणाला.

“मी ऐकलं. काल. काठी माझ्या तोंडात होती.”

“विलोंच्या पलीकडे गेला होतात तुम्ही?”

“गेले होते. पाय आहेत मला.”

कोपऱ्यातून कुणी म्हणालं, “म्हणजे दोन शब्द झाले की.”

“दोन कुठे?” लुत्सिया म्हणाली. “अजून एकच झालाय.”

मग सगळे येर्नेयकडे बघू लागले. त्याने नेझाकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही, पण त्या नजरेत काय होतं हे त्याला वाचता येईना. तिने खरंच नाही ऐकलं? की ऐकलं आणि गाईसाठी खोटं बोलली? की त्याला या खुर्चीतून उठवत होती, आणि उठवत होती ती हात धरून की ढकलून? काल तिचा चेहरा रिकामा होता. आज भरलेला होता, आणि तरी त्याला तो उघडत नव्हता.

“काका,” गाशपेर म्हणाला, आता अगदी हळू, “तुमचा शब्द.”

त्याने एक शब्द बोलायचा होता. तो तिचाच असता तर ठीक होतं. दुसरा असता तर यंदा तळात विळा उतरणार नव्हता. ढोल्या वाजत होता. येर्नेयने ग्लास न पिता परत टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिला. भिंतीला टेकवलेली काठी त्याने उचलली. दारापाशी येऊन ती नेझाच्या हातात दिली, आणि एक शब्द न बोलता बाहेर उन्हात निघून गेला.