अंगावरचा मळ नव्हता

"आंघोळ घालतेस का हिला?"

वाशीच्या दवाखान्यात, भरल्या बाकड्यांसमोर डॉक्टरनं विचारलं. माझी पोरगी सात महिन्यांची. अंगभर लाल गांध्या, ओठ सुजलेले. त्यानं हात लावला नाय. पेनाच्या टोकानं झबलं वर केलं. "खाडीवरचे लोक तुम्ही. मासळीच्या हातानं पोरं उचलता."

फ्लॅटवाल्या बायांनी आपली पोरं जवळ ओढली. त्यानं केसपेपरवर मराठीत लिहिलं, मला कळावं म्हनून: अस्वच्छता. चौथी शिकलेली मी. वाचलं.

मेल्या, त्या सकाळी दोनदा न्हाऊ घातलेलं तिला! हे मनातच म्हटलं. मलम घेतलं नि खाली मान घालून गावात आली.

घरी तरी कोन होतं माझं? आमच्यात पोर बसायला लागलं की सुक्या जवळ्याचं, बारक्या कोलंबीचं कालवन भातात कुस्करून भरवतात. ताकद येते म्हनून. माझ्या ध्यानात आलं, गांध्या त्या भातानंतरच उठतात. जवळा बंद केला. नुसती पेज. मग तीन-तीन दिवसांनी खायची एकच नवी वस्तू. अंग साफ झालं.

सासू म्हनाली, "कोल्याची पोर नि मावरां, मासली खात नाय? लोकां हसतील." नवरा जाळं घेऊन निघून गेला. चुलीपाशी मी एकटीच रडायची. राग यायचा, सगल्यांचाच.

एक दिवस पानी भरायला गेली. सासूनं गुपचूप जवळ्याचा घास भरवला. परतली तर पोरीचे डोळे सुजून मिटलेले, छातीत शिट्टी वाजतेय. उचलली नि धावली.

तोच डॉक्टर. इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी थांबली. मग म्हनाला, "परत घाण केलीस?"

जुना केसपेपर त्याच्यासमोर होता. मी खुर्ची ओढून बसली. त्यानं बस म्हटलं नव्हतं.

"घान नाय. जवळा खाल्ला की सुजते. मी बघितलंय. लिहा."

"डॉक्टर तू की मी?"

"तुमीच. म्हनून तर लिहा. नि तो पयला शब्द खोडा, अस्वच्छता."

"मागे लाइन आहे."

"असू दे."

उठली नाय मी. शेवटी त्यानं खोडलं. लिहिलं: जवळ्याची अॅलर्जी. शब्द नवा होता, पोरगी तीच.

घरी सासूला कागद वाचून दाखवला. तिनं तोंड फिरवलं. आठ दिवस बोलली नाय. नवरा बी नाय.

नका बोलू. पोरगी माझी हाय. तिच्या तोंडात काय जातं ते मी बघनार. आनि तिच्या कागदावर कोन काय लिहितो, ते वाचल्याशिवाय मी खुर्चीवरून उठनार नाय.