सबनीसकाकूंच्या एकतीस गाळण्या

सबनीसकाकूंची बेल वाजवली की दार चार बोटं उघडायचं. साखळी तशीच. फटीतून आधी चष्मा दिसायचा, मग चष्म्यामागचे दोन टपोरे डोळे, आणि मग प्रश्न यायचा, "काय आणलंत?"

"कोण आहे?" नाही, "कोण हवंय?" नाही. थेट "काय आणलंत?" पोस्टमन असो, जावई असो, गॅसवाला असो, सर्वांना एकच न्याय.

मी बँकेतल्या बदलीवर कोलकात्याला नवा आलो होतो. आठ दिवस हातवारे आणि हिंदी यांवर काढल्यामुळे मराठी ऐकायला कान आसुसले होते. कुणीतरी पत्ता दिला: खिदिरपूर, गोदीमागची गल्ली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौसष्ट पायऱ्या चढून मी बेल वाजवली आणि तो प्रश्न आला.

"काही नाही," मी धापा टाकत म्हणालो. "नुसता भेटायला आलोय."

"नुसता म्हणजे?"

"म्हणजे ओळख करून घ्यायला. मी बँकेत..."

"बँकेत असा नाहीतर बोटीवर असा. आमच्याकडे रिकाम्या हाताने येत नाहीत. खाली निताई मासेवाल्याच्या शेजारी लिंबूवाली बसते. एक लिंबू आणा, चालेल."

दार बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, स्वाभिमानी माणूस तिथूनच घरी गेला असता. पण आतून फोडणीचा वास येत होता, तोही मोहरी-कढीपत्त्याचा. स्वाभिमान चौसष्ट पायऱ्या उतरला, एक गंधराज लिंबू घेऊन चौसष्ट पायऱ्या परत चढला. काकूंनी ते लिंबू डोळे मिटून हुंगलं आणि दारामागच्या टोपलीत ठेवलं. टोपलीत चार बटाटे, गुंड्यांचं एक पाकीट, रंगीत खडू आणि लहान मुलाचा एकच बूट होता.

"एकच?" मी विचारलं.

"दुसरा उद्या येणार आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "बसा. पोहे खाता ना?"

ती टोपली रोज संध्याकाळी तळमजल्यावर जायची. तिथे दोन खोल्यांत एक पाळणाघर होतं. घरकाम करणाऱ्या आणि गोदीत राबणाऱ्या बायका सकाळी पोरं तिथे सोडायच्या आणि अंधार पडायच्या आत घेऊन जायच्या. मयनादी नावाची एक भक्कम बाई त्या साऱ्या पलटणीला जेवू घालायची, झोपवायची आणि दटावायची. सबनीसकाका कस्टममध्ये होते. ते निवृत्त झाले, पुढे वारले, पण काकू काही हलल्या नाहीत. ठाण्याहून लेक फोन करायची, "आई, तिथे तुझं आहे कोण?" काकू म्हणायच्या, "सव्वीस जण आहेत. त्यातले चार अजून रांगतात."

पाळणाघराला सरकारी मदत मिळायची. ती कशी गेली हे काकूंच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. "मदत एकदम जात नाही हो, बँकवाले. घरातलं लोणचं संपावं तशी जाते. आधी अंडं गेलं. आठवड्यातून दोनदा मिळायचं, मग एकदा, मग अंड्याचं नुसतं चित्र भिंतीवर राहिलं. मग दूध गेलं. मग मयनाच्या हाताखालची बाई गेली. शेवटी पत्र आलं की तुमच्या कार्याबद्दल आम्हाला आदर आहे."

"मग?"

"मग काय! आदर उकळून पोरांना पाजता येत नाही."

पत्र आलं ते पौषात. दुसऱ्याच दिवशी काकूंनी, नवरा गेलेल्या बाईने हळदीकुंकू करू नये हा नियम गुंडाळून, शहरभरच्या मराठी बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं. पण उलट्या हळदीकुंकवाचं! एरवी बोलावणारी वाण लुटते. इथे येणारीनेच वाण आणायचं आणि ते पाळणाघराला द्यायचं. "घरात असेल ते आणा, उपयोगी वस्तू आणा," असं काकूंनी प्रत्येकीला फोनवर बजावलं. त्यांच्या डोळ्यांसमोर दुधाची पावडर होती, डाळ होती, चादरी होत्या.

पुरुषांना अर्थातच मज्जाव होता. मी स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत होतो आणि पडद्याच्या फटीतून सोहळा बघत होतो. सॉल्ट लेकपासून बेहालापर्यंतच्या मराठी बायका जरीच्या साड्यांत चौसष्ट पायऱ्या चढून आल्या. पहिलीने पिशवीतून वाण काढलं. गाळणी. चहाची, प्लॅस्टिकच्या दांड्याची. काकू म्हणाल्या, "वा." दुसरीने काढली गाळणी. तिसरीने साबणाची डबी. चौथीने गाळणी. पाचवीने पिशवीत हात घातला तेव्हा काकूंनी डोळेच मिटून घेतले.

मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच. दर संक्रांतीला घरात येणारं वाण वरच्या फळीवर जातं आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या घरच्या वरच्या फळीवर जातं. कोलकात्यात तर मराठी घरं मोजकी, त्यामुळे त्याच वस्तू वर्षानुवर्षं शहराला प्रदक्षिणा घालत होत्या. "घरात असेल ते आणा" म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून ती फळी रिकामी केली होती. संध्याकाळी हिशेब लागला: अकरा साबणाच्या डब्या आणि एकतीस गाळण्या. त्यातली एक गाळणी काकूंनी उचलली आणि किंचाळल्या, "ही तर मीच दिलेली! नऊ वर्षांपूर्वी! दांडा वाकडा निघाला म्हणून खपवली होती!"

पाहुण्या गेल्या. काकू गाळण्यांच्या ढिगासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. खाली मयनादी उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. हसावं की रडावं मला कळेना. काकूंना कळलं. त्यांनी वाकड्या दांड्याची गाळणी नाकासमोर धरली, तिच्या जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बँकवाले, बंगाल्यांची एक खोड तुम्ही पाहिलीत का? दाराच्या जाळीला काही अडकवलेलं दिसलं की ते का अडकवलंय हे विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गल्लीत गाळण्या वाटत फिरलो. काकूंचं बंगाली म्हणजे तोंडात रसगुल्ला धरून बोललेलं मराठीच, पण गल्लीला ते कळायचं. योजना सोपी होती. ज्याला ज्या दिवशी काही द्यायचं असेल, त्याने सकाळी गाळणी दाराबाहेर अडकवायची. मयनादी पातेलं घेऊन फिरेल आणि गाळणी दिसेल तिथे थांबेल. एक पेला दूध द्या, मूठभर डाळ द्या, नाहीतर तासभर पोरं सांभाळायला या. गाळणी नसेल त्या दिवशी कुणी विचारणार नाही, रागावणार नाही.

निताई मासेवाल्याने गाळणी उलटसुलट करून पाहिली. "काकीमा, हिचं आमि की कोरबो, काय करू मी? मासे गाळू?" मग तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "पळा रे, बर्गी आल्या!"

लहान मुलांना बर्गींची, म्हणजे आपल्या मराठी घोडेस्वारांची, भीती घालून झोपवायची रीत तिथे अजून आहे. काकू जराही चिडल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं. आमचे लोक इथे लुटून न्यायला यायचे, म्हणून तुम्ही बागबाजारपासून खंदक खणलात. आता मी तेच फेडायला आलेय. पण मला एकटीला जमत नाही, तू हात लाव." निताई इतका हसला की त्याच्या हातातला रोहू निसटला. बुधवारी त्याच्या टपरीवर पहिली गाळणी लटकली आणि पोरांच्या भातावर माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, आला. काकू स्वतः शाकाहारी. त्या पदराने नाक दाबून पातेल्याशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "ताजा आहे ना रे? मासा मला कळत नाही, पण तुझं तोंड मला कळतं."

महिन्याभरात सगळ्या गाळण्या कामाला लागल्या. पुढे कागदोपत्री प्रतिष्ठानही झालं. त्याचं लांबलचक नाव फक्त नोंदणीच्या कागदालाच पाठ आहे. गल्लीने त्याचं नाव ठेवलं छाकनी, म्हणजे गाळणी, क्लब. बंगालमध्ये जे टिकायचं असतं त्याचा आधी क्लब होतो. गाळणी मिळाली नाही म्हणून दोन घरं रुसली तेव्हा काकूंनी त्यांना साबणाच्या डब्या देऊन शांत केलं.

कीर्ती न्यू टाउनपर्यंत गेली. तिथल्या एका कंपनीतले गोडबोले नावाचे तरुण साहेब आले. कंपनी पाळणाघराचा सगळा खर्च उचलायला तयार होती. भिंतीवर कंपनीचं नाव आणि पोरांच्या अंगात कंपनीचे टी-शर्ट, एवढंच मागणं होतं. दार चार बोटं उघडलं.

"काय आणलंत?"

"मॅडम, कंपनीतर्फे प्रस्ताव..."

"तो कंपनीने आणला. तुम्ही काय आणलंत?"

गोडबोल्यांनी खिसे चाचपले. खोकल्याच्या दोन गोळ्या निघाल्या. काकूंनी त्या टोपलीत ठेवून त्यांना आत घेतलं, पोटभर थालीपीठ खाऊ घातलं आणि सांगितलं, "एका खांबाचाही मांडव उभा राहतो हो. पण कुत्र्याने पाठ घासली तरी पडतो. माझे एकतीस खांब आहेत. तुम्ही बत्तिसावे व्हा, पण गाळणी लावून." कंपनीने पाळणाघराच्या गळक्या छपराचं काम करून दिलं. गोडबोले स्वतः शनिवारी येऊन पोरांसमोर वाघ व्हायला लागले. अजून होतात. आता ते कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहेत, पण डरकाळी तीच आहे.

आणि अंडं? अंडं सगळ्यात शेवटी परतलं. भिंतीवरचं चित्र पुसट झालं होतं तेव्हा एका गुरुवारी लिंबूवालीने गाळणी अडकवली. "लिंबं काय, रोजचीच," ती म्हणाली आणि अंड्यांचा आख्खा ट्रे पुढे केला. त्या दिवशी काकू पहिल्यांदा कुणालाही "काय आणलंत" विचारायला विसरल्या.

पण चौसष्ट पायऱ्या काकूंचे गुडघे खात होत्या. दुर्गापूजा झाली आणि लेकीने निर्वाणीचं सांगितलं, आता ठाण्याला यायचंच. काकूंना गुडघ्यांची काळजी नव्हती. "मी गेल्यावर गाळण्या अडकवतील का हो?" हे त्यांनी मला एका दिवसात सात वेळा विचारलं. आठव्यांदा विचारलं नाही. म्हणाल्या, "उद्यापासून मी आजारी."

"काय होतंय?"

"काही नाही. पण मी गेल्यावर काय होईल ते मला जायच्या आधी बघायचंय."

आठ दिवसांचं आजारपण जाहीर झालं. मी रजा काढून उशाशी ओल्या पट्टीचं भांडं घेऊन बसलो. काकू पांघरुणाखालून बारीक आवाजात विचारायच्या, "किती?" मी खिडकीतून गल्ली बघून सांगायचो. पहिल्या दिवशी नऊ गाळण्या, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

"एकही?" काकू ताडकन उठल्या. "माझ्या चपला कुठायत?"

चपलांवर मी बसलो होतो. "काकू, तुम्ही आजारी आहात."

"मी मेले तरी पोरांनी जेवायचं असतं! उठा म्हणते ना!"

मी उठलो नाही. माझ्या आयुष्यात धैर्याचं म्हणावं असं हे एकच कृत्य आहे. खाली मयनादीने नुसता मीठ-भात शिजवला. तो वास वर आला, तसं काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सकाळी गुपचूप तळलेले साबुदाणा वडे त्या दिवशी तसेच राहिले. ते मात्र नाटक नव्हतं.

चौथ्या सकाळी खाली गलका उठला. निताई हातात मासे कापायची विळी घेऊन गल्लीच्या मधोमध उभा होता. "काकीमा पडल्या तर तुमचे हातही पडले का रे? काल पोरांनी मीठ-भात खाल्लाय!" पहिली गाळणी त्याने आपल्या टपरीवर आपटली. मग समोरच्या घराची निघाली, मग शिंप्याची, मग दोन्ही साबणाच्या डब्या. आठव्या दिवशी मी मोजल्या: एकतीस. वाकड्या दांड्याचीसुद्धा.

काकूंनी पांघरूण फेकलं. चेहरा आनंदाने फुलला होता, आणि ओठ मात्र रुसल्यासारखे पुढे आले होते. "माझ्यावाचून चालतंय की मेल्यांचं!"

संध्याकाळी निताई भेटायला आला. फटीतून प्रश्न गेला, आवाज क्षीण. निताईने एक गंधराज लिंबू पुढे केलं आणि म्हणाला, "काकीमा, आजारी माणसाच्या घरातून रोज सकाळी साबुदाणा वड्यांचा वास येत नसतो. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणूनच तीन दिवस आम्ही निवांत होतो. म्हटलं, उठतील आणि ओरडतील."

"मग चौथ्या दिवशी काय झालं?"

"चौथ्या दिवशी वड्यांचा वास आला नाही," निताई म्हणाला आणि मान खाली घातली. "तेव्हा घाबरलो."

काकूंनी साखळी काढली. एरवी माणूस जेमतेम आत शिरेल एवढंच उघडणारं ते दार पूर्ण उघडलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

त्या ठाण्याला गेल्या. निघताना त्यांनी कुणाचीही भेटवस्तू घेतली नाही. "वरच्या फळीवर जाईल," म्हणाल्या.

परवा मी कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा ठाणं गाठलं. सातवा मजला, चकचकीत लिफ्ट. बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं. चष्मा आता जाड झालाय.

मी गंधराज लिंबू आधीच हातात धरून ठेवलं होतं, उत्तरही पाठ होतं. पण काकूंनी काय आणलंत ते विचारलंच नाही. फटीतूनच त्यांनी लिंबू हुंगलं. मग हळूच म्हणाल्या, "अंडं आहे?"

"आहे," मी म्हणालो. "आठवड्यातून दोनदा."

साखळी खळकन निघाली.