गाठीच्या प्रेसचा डोळा

अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात हसत आले — तोंडावर हसण्याचे धाडस माझ्यात नाही. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले, पण हातात सोल्डरिंग गन घेतली ती पंचेचाळिशी उलटल्यावर, वणीतल्या सुधाकरभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानात.

एका जिनिंगमधल्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा फोटोडायोड, म्हणजे तिचा प्रकाश ओळखणारा डोळा, तपासायला आला होता. समोरच्या एलईडीचा प्रकाश त्यावर पडतो. मध्ये हात आला की प्रकाश तुटतो आणि प्रेस थांबते. त्या हंगामात एकदा मध्ये हात असूनही ती थांबली नव्हती. एका कामगाराचा हात कोपरापर्यंत चिरडला होता. मालकाचे म्हणणे, डोळा चांगलाच आहे. आम्ही ‘ओके’ म्हटले की तोच परत बसणार होता.

आतून काळा कागद लावलेल्या बुटांच्या खोक्यात मी एलईडी आणि फोटोडायोड समोरासमोर ठेवले. प्रकाश वाढवत नेला. मीटरवरचा आकडाही बिनचूक वाढत गेला.

“झालं न मॅडम? कायले एवढं मोजून राह्यल्या? डोळाच आहे, नवरदेव थोडीच पाहून राह्यलो आपण!”

“एकदा अंधारातले रीडिंग घेते, भाऊ.”

एलईडी बंद केला. आकडा उतरला नाही... उलट चढला. प्रकाश कुठून झिरपतो हे पाहावे म्हणून मी झाकणाच्या फटीतून उजवा हात आत घातला आणि बोटांनी फोटोडायोड पूर्ण झाकला. मीटर तरीही सांगत होता — मध्ये काहीच नाही.

आणि वरून काहीतरी उतरले. वर तर नुसता पुठ्ठा होता! दाब सावकाश, यंत्राच्या शिस्तीने वाढत गेला. आधी करंगळी मोडली — तो आवाज मी ऐकला — मग तिच्या शेजारचे बोट. फटीतून रक्त टेबलावर उडाले.

“हात काढा न बाहेर!”

“निघत नाही, भाऊ...!”

त्यांनी पुठ्ठ्यावर कटर चालवला, पातेच तुटले. शेवटी त्यांनी फोटोडायोडच्या वायरी कापल्या, तेव्हा हात सुटला.

खोक्याला साधा पोचाही नव्हता.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारले, “कोणत्या प्रेसमध्ये गेला होता हात?”

प्लास्टर घालून परतले, तर सुधाकरभाऊंनी नव्या वायरी जोडून तोच डायोड तपासला होता. प्रत्येक रीडिंग निर्दोष. अंधारात शून्य.

“चांगला दाखवते हो मॅडम... काय लिहू?”

मी तपासणीचा कागद ओढला आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले — ‘बाद’.

मालकाने कारण विचारले. मी प्लास्टरमधला हात वर केला.

याहून अधिक कारण माझ्याजवळ आजही नाही.