पाचवा उद्गार

परमेश्वराला सगळं ठाऊक असतं यावर विश्वास न ठेवणारा एकच ख्रिस्ती माणूस मला माहीत आहे, आणि तो म्हणजे अंबरनाथला राहणारे आमचे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. विश्वास असता तर प्रार्थनेत त्यांनी देवाला इतकी माहिती पुरवली नसती. कोणी आजारी असलं तर आपण म्हणू, प्रभू, तिला बरं कर. आतोबा डोळे मिटतात, घसा खाकरतात आणि सुरुवात करतात, "हे दयाळू बापा, बदलापूर पश्चिमेला आमची एक भगिनी गुडघ्यांनी बेजार आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की भाजी मार्केट लागतं, तिथे वळू नकोस. सरळ पुढे ये. मेडिकलच्या गल्लीत शेवटची बिल्डिंग. लिफ्ट बंद आहे, प्रभू, पण तू ये." मग त्या भगिनीचा मुलगा काय करतो, सून कशी वागते, आधीच्या डॉक्टरने कोणत्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या कशा लागू पडल्या नाहीत, हे सगळं देवाच्या कानावर घातलं जातं. त्यांचं आमेन येईपर्यंत समोरच्या चहावर जाड साय धरलेली असते आणि लहान मुलं भिंतीला टेकून झोपलेली असतात.

शिवाय माणसांना तोंडावर जे बोलता येत नाही, ते आतोबा देवाला सांगतात. एकदा विठ्ठलवाडीला एका घरी प्रार्थनासभा होती. समारोपाची प्रार्थना त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी त्या घरावर आशीर्वाद मागितला आणि म्हणाले, "प्रभू, या भगिनीच्या स्वयंपाकघराला बरकत दे, म्हणजे पुढच्या वेळी वेफर्सच्या जोडीला काहीतरी गरम मिळेल." उल्हासनगरला ते दर ईस्टरआधी पांढऱ्या पॅंटचं कापड घ्यायला जातात. तिथला सिंधी दुकानदार एकदा सहज म्हणाला, "अंकल, हमारे धंधे के लिए भी दुआ करना." त्याला काय ठाऊक! आतोबांनी कापड मोजायच्या गजावर हात ठेवून तिथल्या तिथे डोळे मिटले. गिऱ्हाईकंही बिचारी भक्तिभावाने थांबली. आतोबांचं मन मोठं, म्हणून त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही प्रार्थनेत घेतलं. "प्रभू, त्यालाही यश दे, कारण त्याचं कापड याच्यापेक्षा स्वस्त आहे." डोळे उघडले तेव्हा गिऱ्हाईकं रस्ता ओलांडत होती. दुकानदार हात जोडून म्हणाला, "बस करो साईं, भगवान समझ गया, कस्टमर भी समझ गया."

लेंत म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ. या दिवसांत कोणी मटण सोडतं, कोणी चहा सोडतं. आतोबांनी एका वर्षी राग सोडला. घरात त्या वर्षीइतके हाल दुसऱ्या कुठल्या वर्षी झाले नाहीत, असं आत्या अजून सांगते. रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले की आतोबा चेहरा शांत ठेवून तिच्याकडे वळायचे, "अगं, तू जरा याला बोल. माझा उपास आहे." दूधवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरून कपडे पिळणारे, सगळ्यांवर आत्याच ओरडली. ईस्टरला आतोबा पवित्र झाले आणि आत्याचा घसा बसला.

अशा माणसाची आयुष्यात एकच महत्त्वाकांक्षा होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलले, त्यांतल्या एकेकावर एकेक जण बोलतो. उद्गार मिळणं हा मोठा मान. आतोबांना तो फार पूर्वी एकदा मिळाला होता, पहिला, क्षमेचा. क्षमा कोणाकोणाला करायची याची त्यांनी मंडळीतल्या मंडळीत उदाहरणं द्यायला घेतली आणि ती संपेनात. उरलेले सहा उद्गार सहा जणांनी धावत पळत उरकले. तेव्हापासून जो पाळक येतो, त्याला आधीचा पाळक चर्चच्या किल्ल्यांबरोबर ही सूचनाही देऊन जातो. पण आतोबांनी आशा सोडली नाही. दर वर्षी ते सातही उद्गारांची तयारी करून पहिल्या बाकावर बसतात आणि त्याआधीच्या आठवड्यात बोलणाऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करत फिरतात. "घसा कसा काय?" असं त्यांनी विचारलं की चांगली माणसं दचकतात.

यंदा खरोखरच एकाचा घसा गेला. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे' हा, बदलापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे होता, आणि त्यांचा आवाज झावळ्यांच्या रविवारीच, म्हणजे गुड फ्रायडेच्या पाच दिवस आधी, बंद पडला. पाळकसाहेब आतोबांना म्हणाले, "काका, बघू या. थोडक्यात बोलाल ना?" आतोबा दोन बोटांत चिमूटभर हवा धरून म्हणाले, "एवढंच."

पण त्याच आठवड्यात बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली की काकांनी पिणं सुरू केलंय. खालच्या मजल्यावर आमच्या महिला मंडळाच्या चिटणीसबाई राहतात. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. आतोबा दिवसातून कितीतरी वेळा दार अलगद ओढून जिन्यात येतात, मीटरच्या पेटीमागून पेपरात गुंडाळलेली बाटली काढतात, इकडेतिकडे बघून घटाघटा पितात आणि तोंड पुसून आत जातात. बाईंनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्यांनी ती बुधवारच्या सभेत फक्त देवाला सांगितली. "हे प्रभू, या पवित्र सप्ताहात आमच्यातले एक वडीलधारे बंधू जिन्यात उभे राहून पाप करताहेत. त्यांच्या हातातली बाटली सुटू दे." सगळ्या मंडळीने एक डोळा उघडून आतोबांकडे पाहिलं. त्यांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. घरी जाताना मला म्हणाले, "कोण रे हा? या वयात! आणि नावपत्ता नको का सांगायला? देवाला कळणार कसं?"

मला हसू आलं नाही. त्यांचा उद्गार गेला हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर घरातली परिस्थिती पाहता त्यांनी बाटली धरली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता. वर्षभरापासून आत्याच्या किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मीही रजा टाकून सोबत जातो. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलंय. दिवसभराचं म्हणून सकाळी एक लहान बाटली भरायची, ती संपली की संपली. चैत्राचं ऊन, पत्र्यासारखा तापलेला स्लॅब, आणि आत्या खाटेवर पडून म्हणत असते, "अहो, घोटभर." आतोबा नाही म्हणतात. तिचं मन रमवायला एकदा ते प्रार्थना करू लागले, तर ती म्हणाली, "ते देवाला सांगू नका, मला पाणी द्या."

गुरुवारी मी आत्याला डायलिसिसला न्यायला आलो, तर गेटपाशी पाळकसाहेब भेटले. चेहऱ्यावरूनच कळलं की काकांना समज द्यायला निघालेत. आम्ही जिना चढलो आणि आतोबा रंगेहाथ सापडले. बाटली तोंडाला लागलेली होती.

"काका, हे काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

आतोबांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला."

पाळकसाहेबांनी बाटली घेतली, हुंगली, मग थोडं तळहातावर ओतून चाखलं. "हे तर पाणी आहे."

"मग? तुम्हाला काय पाहिजे होतं?" आतोबा कुजबुजले. "आत पितच नाही मी. एक खोली, एक स्वयंपाकघर. माठाचं झाकण वाजलं तरी तिची मान वळते हो. आणि पेपर गुंडाळलाय तो धूळ बसू नये म्हणून."

पाळकसाहेब बराच वेळ बाटलीचं झाकण लावत राहिले. मग म्हणाले, "काका, उद्या पाचवा उद्गार तुम्हीच घ्या. हवा तेवढा वेळ घ्या."

शुक्रवारी चर्च भरलेलं होतं. चौथा उद्गार आटोपला आणि आतोबा उठले, तशी मंडळी बाकांवर ऐसपैस बसून घेऊ लागली. एकाने चपला काढल्या. चिटणीसबाईंनी पर्समधून पंखा काढला. आतोबा पुढे उभे राहिले, पांढरी पॅंट, पांढरा शर्ट. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"मंडळी," ते म्हणाले, "मी पुष्कळ तयारी केली होती. पण हा उद्गार आमच्या घरी रोज ऐकू येतो. आणि मी रोज नाही म्हणतो." ते थांबले. मग लहान मूल शाळेत बाईंना सांगतं तसं घाईघाईने म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून." आणि जागेवर येऊन बसले.

आमेनसुद्धा म्हणायचं राहिलं. त्यांच्यासाठी राखलेला सगळा वेळ तसाच पडून होता आणि पाळकसाहेबांनी तो भरला नाही. पंखे फिरत होते. मी आतोबांच्या मागच्याच बाकावर होतो. त्यांची मान खाली होती, आणि मला ते त्या क्षणी जितके आवडले तितके कधीच आवडले नव्हते.

उपासना संपल्यावर मी त्यांना घरी सोडायला गेलो. आत्या खाटेवर उशीला टेकून वाट बघत होती.

"किती वेळ बोललात?" तिने विचारलं.

"पाऊण तास," आतोबा म्हणाले. "पाळकसाहेबांनी खुणा केल्या, पण मी कुठला थांबतोय."

"वाटलंच मला," म्हणून आत्या हसली. किती दिवसांनी हसली असेल. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग ती म्हणाली, "घसा सुकला असेल तुमचा. पाणी प्या."

"नको. तहान नाही."

"प्या म्हणते ना. आणि इथेच प्या, माझ्यासमोर. जिन्यात कशाला जाता? दार ओढलेलं मला कळत नाही होय? उगीच लोक काहीबाही बोलतात."

आतोबा आत गेले. स्वयंपाकघरात माठाचं झाकण वाजलं. काठोकाठ भरलेला पेला घेऊन ते आले, तिच्या खाटेच्या कडेला बसले आणि हळूहळू प्यायला लागले. पेला रिकामा होईपर्यंत आत्या त्यांच्या गळ्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे करून त्यांच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदराने पुसलं.